बोंड्याची भरलेली कटोरी

मंदा, बोंड्या खात नाही.

पहिलं हेच सांगा लागते तुले. सोनू म्हणे, पप्पा, मन में जो है मम्मी के नाम लिख डालो, हलका लगेगा. हलकं कायचं लागते? लिहाले बसलो तं दुसरं काही सुचूनच नाही राह्यलं. तुह्या फोटोले हार चढला हाय, दिवा लागला हाय, ओसरीत पाव्हणे बसले हायेत. उद्या तुही तेरवी हाय. आचारी घडीघडी येऊन विचारते का वडे किती कराचे, भात किती टाकाचा. आन मी सयपाकघरात फरशीवर बसून एका कुत्र्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. त्याच्यापुढं तुहीच ती पितळेची कटोरी हाय. कटोरीत दूध-भात हाय, वरून तूप हाय. तो माह्या तोंडाकडं पाहून राह्यला. दोघंही एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. तू असती तं पदर तोंडाले लावून हासली असती.

सब म्हणतेत का त्याले दुख झालं, मुक्या जनावराले सगळं समजते. समजत असन. पण मंदा, मी तुले शपथेवर सांगतो, हा दुखानं उपाशी नाही. ह्याले भूक लागली हाय. कटोरी ठेवली का धावत येते, पुढचे दोन्ही पाय जुळवून बसते, जसं तू शिकवलं तसंच. लाळ गळून-गळून हनुवटीचे केस ओले होतेत. नाक कटोरीपर्यंत नेते आन मागं घेते. मंग माह्या ओठांकडं पाह्यते. तो शब्दाची वाट पाहून राह्यला. तू रोज त्याच्या कानात काहीतरी बोलत होती आन मंगच तो खात होता. तो शब्द काय होता, मंदा? काहून नाही सांगून गेली? इतक्या गोष्टी येता-जाता सांगत होती, मोठ्या डब्यात चकलीची भाजणी हाय, लालबर्र्याच्या पाव्हण्यांची सतरंजी वापस कराची हाय, आन हे नाही सांगतलं?

मले राग येऊन राह्यला तुह्यावर. गेलेल्या माणसावर राग करू नाही म्हणतेत. मी करतो.

सोनूनं त्याले नागपूरवरून आणलतं, तो दिवस आठव. पोट्टी कॉलेजच्या सुट्टीत आली, पोटाशी एक थैली धरून. थैलीची चैन उघडली आन आतून हे ध्यान निघालं. मी तं समजलो जत्रेतलं खेळणं हाय. चपटं नाक, गोल-गोल डोळे, आन आंगावर इतके केस का पुढचं कोणतं आन मागचं कोणतं ते शेपूट हालेपर्यंत समजलं नाही. सोनू म्हणे शित्झू हाय. मोबाईलात तिनं असे लय दाखवले आपल्याले. एक पांढराफक माल्टीज, एक लालसर पूडल, तो तं अस्वलाचं पिल्लू दिसे, एक पोमेरेनियन, ज्याचं तोंड केसांच्या मधात कुठंतरी होतं. म्हणे हे मोठे होतच नाहीत, मरेपर्यंत असेच राह्यतेत. तू त्याले उचलून मांडीवर घेतलं आन म्हणली, "बापा, म्हणजे हे लेकरू लेकरूच राह्यते का?" आन मी तेव्हाच समजलो का हे आता घरातून जात नाही.

सोनूनं त्याचं नाव कुकी ठेवलं. तुह्या जिभेवर ते बसलं नाही. तुह्या बापाच्या वावरात कापूस होता, फुटलेलं बोंड तुले माहीत. तू त्याले बोंड्या केलं. सोनू इंदूरले नोकरीवर गेली, कुकी हे नावही तिच्यासंगं गेलं, बोंड्या इथं राह्यला.

मोहल्ल्यातले पोट्टे तं दाराशीच बसून राहत. एकानं मले विचारलं होतं, "अंकल, इसमें सेल डलता है क्या?" मी म्हणलो, हौ, मोठा सेल लागते, तुह्या बापाले आणाले सांग. तू आतून हासत होती. आन तसाच तो होता, मंदा. ऊन सहन होत नव्हतं, चिखल सहन होत नव्हता, पायरी उतराची तं उचला लागे. माह्या बापाच्या घरी खैरलांजीकडं कुत्रे होते, ते रानडुकरावर धावून जात. हा पालीले भीत होता. चोर आला असता तं यालेच पहिलं बगलेत मारून घेऊन गेला असता. मी म्हणो, ह्याचं काम काय? हा राखण करते का? तू म्हणली, राखण त्याचं काम नाही. मी म्हणलो, मंग काय काम हाय? तू त्याचे केस विंचरता-विंचरता म्हणली, "घरात राहणं." तेव्हा मले त्या गोष्टीत काही दिसलं नाही. मी सकाऊन दुकानात जात होतो, गोंदिया रोडवर दिवसभर जळलेल्या मोटरी उघडत होतो, सांजच्याले येत होतो. पोट्टी गेलेल्या घरात दिवसभर कोण राह्यते, हे मले कुठं माहीत होतं?

ते आता माहीत होऊन राह्यलं. सकाऊनचे अकरा वाजले का घर कसं होते, ते मी ह्या दिवसांत पहिल्यांदा पाह्यलं. भिंती आंगावर येतेत. मंदा, तू कशी राह्यली वं इथं?

खायाची ही शिस्त तू त्याले लावली ते त्या पोट्ट्यांच्याच पायी. खेळणं समजून जो येई तो त्याच्या तोंडात काही ना काही कोंबे. बिस्किट, शेव, चॉकलेट. एक डाव कोणीतरी सुपारी चारली आन हा लेकाचा लोळला. तोंडातून फेस, पाय ताठ. तू अनवाणी धावत गेली होती त्याले पोटाशी धरून, जनावरांच्या दवाखान्यापर्यंत. वाचला. त्या दिवसापासून तू त्याले शिकवाले लागली. कटोरी ठेव, थांबव, कानात शब्द सांग, मंग खाऊ दे. शब्द नाही तं घास नाही. महिनाभर हेच चाललं तुह्यं. मी चिडवो, का बाईनं शाळा काढली, मास्तरीण झाली. पण शिकला तो. त्याच्यापुढं पेढा ठेवा, मटणाचं हाड ठेवा, तो तोंड लावे ना. पाव्हणे येत तेव्हा हाच तमाशा दाखव म्हणत, आन तू दाखवे. शब्द मात्र कोणाच्या पुढं घेत नव्हती. त्याले उचलून सयपाकघरात नेई, दाराआड कानात सांगे. म्हणे पोट्ट्यांनी आइकलं तं सगळी मेहनत वाया जाईन.

मी विचारलतं तुले. मलेही नाही का सांगत? तू म्हणली, "तुम्हाले काय करायचं हाय?" आन तुह्यं तोंड लाल झालं होतं. मी म्हणलो, नको सांगू, मले कुठं त्याले भरवत बसाचं हाय. आता बसलो हाय, पाह्य.

आपलं शेवटचं भांडणही त्याच्याच केसांवरून झालं. ऊन तापलं होतं, तो कुलरपुढं जीभ काढून पडला होता, मी कैची घेऊन आलो. म्हणलो, सगळे केस साफ करून टाकतो, मोकळा होईन बिचारा. तू कैची हिसकली. म्हणे ह्या केसांनीच ऊन आत जात नाही. मी म्हणलो तुले जास्त समजते का? तेव्हा तू माह्याकडं पाहून म्हणली, तुमच्या मोटरीच्या तारेवरचं वार्निश खरडून टाकता का तुम्ही, थंडी राहावी म्हणून? इतके वर्षं मी वाइंडिंग केलं, आन ह्या बाईनं माह्याच तारेनं मले बांधलं. मी नुसता बडबड करत दुकानात गेलो. जबाब दुसऱ्या दिवशी सुचला होता, चांगला होता, सांगाचा राहून गेला. आता त्याचं काय करू? डोक्यात तसाच पडला हाय.

तुह्या जाण्याचं मी लिहीत नाही. ज्यांले सांगाचं त्यांले सांगून-सांगून माह्यं तोंड दुखलं. तू त्याच्या डोक्यावरचे केस रबरानं बांधत होती आन रबर हातातच राह्यलं, एवढंच मले दिसते. गोंदियाले नेत होतो, रजेगावचा पूल यायचा होता. तुही एक बाजू गेली होती. मले वाटलं आता मुलीचं नाव घेईन, देवाचं घेईन. तू जीभ ओढून-ओढून म्हणली, "त्याले... उपाशी नका ठेवू." मी म्हणलो, हौ. मंग तू अजून काही बोलाले गेली. ओठ हालले, आवाज निघाला नाही. मी कान तोंडाशी नेला. काही आलं नाही.

हौ म्हणलो मी, मंदा. तुले देलेलं हेच शेवटचं हौ. आन तो उपाशी हाय.

काय नाही केलं? खाय म्हणलो, घे म्हणलो, जेव म्हणलो, खा ले बेटा म्हणलो. सोनू आली तिनं इंग्रजीत सांगून पाह्यलं, कुकी म्हणून पाह्यलं. महादेव, गणपती, लक्ष्मी, तुह्या माहेरची गावदेवी, सबचं नाव घेतलं. तुह्या मायचं घेतलं, बापाचं घेतलं. मंग मी वेड्यावाणी फळीवरच्या डब्यांची नावं घेत गेलो. मीठ, हळद, जिरं, धने. तो कान टवकारून एकेक शब्द आइके, आन पुन्हा ओठांकडं पाहे. पाणी पिते, तेवढं एक बरं. सोनूच्या मोबाईलात तुहा आवाज होता. "सोनू, जेवली का वं?" असं काहीतरी रोजचंच. तिनं तो लावला. मंदा, तो असा उठला, असा उठला! खोलीत गेला, पलंगाखाली गेला, न्हाणीच्या दारावर पंजे मारले, मागच्या आंगणात जाऊन आला. मंग दमून माह्या पायाशी येऊन पडला. मी सोनूले म्हणलो, पुन्हा हे लावशीन तं मोबाईल फोडून टाकीन. ती रडाले लागली. मंग मीही.

दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस हाय. त्याचा रोजचा वास्ता बैल-बकऱ्याशी, तरी त्यानं त्या काडीसारख्या पायात शीर शोधली आन सलाइन लावली. मी त्याले शब्दाचं सांगतलं. तो म्हणे, मिस्त्रीजी, ऐसा नहीं होता, भूख लगेगी तो खुद खाएगा. दुसऱ्या दिवशी वजन केलं तेव्हा तो असा बोलला नाही. म्हणे, ह्या छोट्या जातीच्या आंगात जमा काही राह्यत नाही, केसांमुळं भरलेले दिसतेत. शक्कर उतरली का एकदम जातेत. सिरिंजनं दूध सोडा म्हणे. सोडलं. त्यानं जीभ आड लावली, सगळं दूध गालावरून खाली गेलं. मी त्याचा जबडा धरला होता आन तो माह्याकडं पाहून राह्यला होता. त्याले वाटलं असन मी त्याची परीक्षा घेऊन राह्यलो. तुह्या शिकवणीत तो नापास नाही झाला, मंदा. तो मरन पण नापास होणार नाही.

मी काल आंघोळ घातली त्याले. ओला झाला आन केस चिपकले तं आत काहीच नाही. बरगड्या, पाठीचा मणका, आन धडधड. मी टॉवेलात घेऊन बसलो आन तुले शिव्या देल्ल्या. खऱ्या शिव्या. आतापर्यंत कधी तुले देल्ल्या नव्हत्या तशा.

बस. आचारी पुन्हा बलावून राह्यला.

*

तेरवी झाली. दोन दिवस झाले, तेव्हा लिहिता आलं नाही. आता लिहितो.

माही आत्या आली होती खैरलांजीकडून. बापाच्या पिढीतली तीच एक उरली हाय, कंबरेतून वाकली, डोळ्यानं कमी दिसते. पंगती उठून राह्यल्या होत्या. मी सयपाकघराच्या दाराशी बसलो होतो, माह्यापुढं पत्रावळ, बोंड्यापुढं कटोरी. मले घास उतरत नव्हता. त्याले उतरवता येत नव्हता. तो आता पाय जुळवून बसतही नव्हता नीट, एका बाजूनं कलंडून राहे, तरी मान उचलून माह्याकडंच पाहे. सोनूनं कोणाजवळ तरी सांगतलं असन का पप्पा भी कुछ नहीं खा रहे. आत्या भिंतीले धरून-धरून आली, माह्यापाशी टेकली, डोक्यावर हात ठेवला. म्हणली, "टीकाराम, दोन घास खाय, बाप्पा."

बोंड्यानं मान खाली घातली आन खाले लागला.

घास न घास. कटोरी सरकत-सरकत भिंतीले लागली, तरी तो खातच राह्यला. सोनू हात पुसत धावत आली आन त्याच्यापाशी फरशीवर बसली. बाया जमा झाल्या. म्हणाल्या, तेरवी झाली, मंदाचा जीव मोकळा झाला. आत्याचा हात शुभ हाय म्हणून तिच्या पाया पडल्या. मलेही तसंच वाटलं. मी पत्रावळीवर बसून रडत-रडत वडा खाल्ला, आन मनात म्हणलो, मंदा, तुही कृपा.

पण सांजच्याले कटोरी ठेवली तं पुन्हा तेच. बसला, लाळ गाळली, माह्या ओठांकडं पाह्यलं. आत्या तं दुपारच्या बसनं परत गेलती.

तेव्हा माह्यं डोकं चाललं. दुकानात जळलेली मोटर आली का आम्ही काय करतो? एकेक क्वाइल सुटी करतो, सिरीजच्या बल्बावर लावून पाह्यतो. जिवंत असन तं बल्ब लागते, मेलेली असन तं नाही लागत. तसंच केलं. आत्याचं एकेक बोलणं सुटं केलं. "दोन घास," मी म्हणलो. नाही. "खाय." नाही, हे तं किती डाव म्हणलो होतो. "बाप्पा." नाही. आत्यानं एवढंच म्हणलं होतं. अजून काय म्हणलं होतं? मले आठवेच ना. कारण जो शब्द राह्यला होता तो मीच होतो. माह्यं माह्या ध्यानात कसं येईन? दुकानात मी मिस्त्री. मोहल्ल्यात मिस्त्रीजी. सोनूचा पप्पा, भाच्यांचा मामा. माय-बाप गेल्यावर माह्यं नाव कोण घेते? नाव कागदावर राह्यते, बोलण्यात नाही.

मी खाली वाकलो. लाज वाटली मले, कोणी पाहून राह्यलं का ते पाह्यलं. मंग त्याच्या कानात म्हणलो, "टीकाराम."

तो खाले लागला.

मंदा. अवं मंदा.

तू माह्यं नाव कधी घेतलंच नाही. एकही डाव नाही. "आइकता का", "अवो", "सोनूचे पप्पा", लय झालं तं नुसतं खाकरणं. तुह्या मायनं तुले सांगून धाडलं होतं का नाव घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य घटते. लग्नात उखाणा घेतला असशीन, पण बॅंडवाले असे जोरात वाजवून राह्यले होते का मले आइकूच आलं नाही. राशनचं केवायसी कराले गेलो तेव्हा खिडकीतला पोट्टा विचारून-विचारून थकला, पति का नाम, पति का नाम. तू कार्ड पुढं करून त्याच्यावर बोट ठेवलं. मागची लाइन हासाले लागली. मी तुह्यावर डाफरलो, सोनू म्हणे मम्मी, नाम लेने में क्या जाता है. तू खाली पाहून उभी राह्यली, आन बोट हाललं नाही.

आन तू घरात, दाराआड, रोज दोन टाइम घेत होती.

मी दुकानात तार गुंडाळत होतो आन तू इथं ह्या फरशीवर वाकून, ह्या केसाळ लेकाच्या कानात माह्यं नाव सांगत होती. दुसरा शब्द नव्हता तुह्याजवळ? जगात एवढे शब्द हायेत. तुले असा शब्द पायजे होता जो ह्या घरात दुसऱ्या कोणाच्या तोंडातून निघणार नाही, हे समजते मले. हुशार होती तू. पण मी एवढाच अर्थ घेत नाही. मले एवढ्यावर राहता येत नाही. तुले घ्याचं होतं ते, मंदा. तुह्या तोंडाले चव होती त्याची. म्हणून तुह्यं तोंड लाल झालं होतं.

आयुष्य घटते म्हणत होती तुही माय. तू इतके वर्षं माह्यं नाव घेतलं, आन मी पाह्य, धडधाकट बसलो हाय. दात मजबूत, बीपी बरोबर. मी तुह्यं नाव दिवसभर घेत होतो. मंदा चहा, मंदा टॉवेल, मंदा कुलरमधी पाणी टाक. गेली तू. खोटं शिकवलं तुले, आन तू त्याच्या भीतीनं मले उपाशी ठेवलं.

पुलाच्या अलीकडं तुहे ओठ हालले होते. आता मी घडीघडी त्याचाच विचार करतो. बोंड्याचा शब्द सांगून राह्यली होती तू मले, का मलेच बलावून राह्यली होती? कोण सांगन? दोन्हीसाठी तोंड तेवढंच हालते. मी आरशापुढं उभा राहून हळूच म्हणून पाह्यलं, माहे ओठ कसे हालतेत ते पाह्यलं. तुहे तसेच हालले होते का, ते आता आठवत नाही. जितकं आठवाले जातो तितकं पुसत जाते.

सोनू म्हणते मी कुकीले इंदूरले घेऊन जाते, तुम्हाले जमणार नाही. मी नाही म्हणलो. ती म्हणे पप्पा, आप तो उसको खिलौना बोलते थे. मी म्हणलो, हौ, बोलत होतो. तिले मी शब्द सांगतला नाही. ती शिकन आन घेऊन जाईन त्याले, आन मंग ह्या घरात काय राहीन?

बोंड्या आता उभा राह्यते. काल दोन वाट्या खाल्लं. मी त्याचे केस बांधतो, वाकडी शेंडी होते, तो सहन करते. दुकान अजून उघडलं नाही. गिऱ्हाइकाचे फोन येतेत, धानाच्या पेरणीआधी मोटरी पायजे त्यांले. उघडीन. दुपारी जेवण द्याले घरी या लागन, तेवढी वेळ बंद ठेवीन.

एकच गोष्ट होत नाही, मंदा. मी वाकतो, त्याच्या कानात माह्यं नाव घेतो. तो खाते. पण माह्या आवाजात ते नाव म्हणजे नुसतं नाव हाय. तू कशी म्हणत होती? लांबवून? हळू? हासून? रागात असली तं कशी म्हणत होती? हे ह्या घरात एकाच जिवाले माहीत हाय, आन त्याले बोलता येत नाही. तुहा आवाज सोनूच्या मोबाईलात हाय, त्यात सबकुछ हाय, भाजी, पाणी, तब्येत, जेवली का. मी चोरून सगळे आइकले. एकात नाही.

इतके वर्षं तू मले दोन टाइम बलावलं आन मी एकही डाव ओ देल्ली नाही. आता कटोरी ठेवतो, दार लोटतो, नाव घेतो. बोंड्या खात राह्यते. आन मी तिथंच फरशीवर बसून म्हणतो, ओ.